शिल्लक प्रयत्न : तीन

नवी पेठेत दीड फुटाचं माझं काउंटर.
पंखा आहे, पण तो ऊनच ढवळतो.
मे महिन्यातल्या दुपारी गिऱ्हाईक म्हणजे नवल,
तर नरसम्मा येमूल आल्या विडी घरकुलातून,
टॉवेलात गुंडाळलेला फोन दोन्ही हातांनी धरून,
चुलीवरून उतरवलेलं पातेलं धरावं तसा.

लेकानं डॅलसहून धाडलेला.
"टॉर्च लागालीय, गाणी वाजालीत, फोटो निघतोय,
नुसता फोनच लागंना बघ."
सिम घातलं. पडदा म्हणाला, हे सिम चालणार नाही.
कोड टाका. शिल्लक प्रयत्न : तीन.
म्हणजे आधी कुणीतरी हात मारून घेतलेला.
"नातवानं," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या दुकानाकडं बघितलं.

मी समजावायला घेतलं :
फोन तिकडं हप्त्यावर मिळतो, मावशी,
कंपनीचा फोन, कंपनीचंच सिम, जोवर हप्ते…
"पान कंपनीचं, तंबाखू कंपनीची,
वळायची मी, आणि छाट निघाली तर तेवढी माझी.
मला नको शिकवू. हप्ते फिटले का सांग."
फिटले.
"मग कुलूप कशाला राहिलं?"
मागितल्याशिवाय काढत नाहीत, म्हणालो.
याच्यापुढचं मलाही ठाऊक नव्हतं.

लेकाच्या नावानं इंग्रजी अर्ज लिहिला,
फोनचा पंधरा आकडी नंबर जोडला.
नऊ दिवस. त्या माल देऊन परतताना रोज डोकावायच्या,
रिकामं सूप काखेत.
दहाव्या दिवशी कोड आला, सोळा आकडे.
मी मोठ्यानं वाचत टाकत गेलो. चुकलं.
शिल्लक प्रयत्न : दोन.
कपाळावरचा घाम पडद्यावर टपकला.
"बारावा आकडा गिळलास तू," त्या म्हणाल्या.
पंचवीसचा कट्टा न बघता बांधणारी बोटं ती,
बारावर अंगठा तसाच ठेवून बसलेली.

मग उघडलं.
टॉवर चढला, एक दांडी, तीन दांड्या,
रिचार्जवाल्यांचं स्वागत आलं सगळ्यात आधी,
आणि कोपऱ्यातलं घड्याळ
अडीचवरून उडी मारून एकवर.
"अडीच होते की रे."
ते तिकडचे, मावशी. रात्रीचे. आता आपले आले.
त्या बघतच राहिल्या.
दोन महिने उशाशी हा मुका फोन ठेवून
बाई लेकाची झोप मोजत होती,
मला काय माहीत.

दुसरं घड्याळ लावून देतो, म्हटलं, त्याचे पैसे नकोत.
"राहू दे. साडेदहा तास ना?
तेवढ्यात हजार विड्या होतात माझ्या."

साडेतीनशे दिले, सगळ्या दहाच्या नोटा.
रात्री गल्ला मोजताना तंबाखूनं दोनदा शिंकलो,
दोन्ही वेळा आकडा चुकला.