एक मूठ जास्तीची

पंचायत समितीच्या सभागृहात तीन दिवस प्रशिक्षण.
पंखे तीन, फिरत होता एक,
पडद्यावर ताट, चार रंगांत कापलेलं.
पुण्याच्या केतकर मॅडम म्हणाल्या,
आहाराचा वेगळा तास नको,
गणितात घाला, भाषेत घाला, परिसर अभ्यासात घाला,
मीठ घालतो तसं. दिसू नये, लागावं.
मागून बोरकुटे सर हळूच बोलले,
"म्हणजे अजून एक रजिस्टर."
सगळे हसले. मीही हसलो.

गटकार्यात आम्ही लिहिलं, वरणात सांबार टाकावा.
मॅडम थबकल्या. वरणात सांबार?
अख्खं सभागृह ओरडलं, कोथिंबीर, मॅडम, कोथिंबीर!
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.
तेवढ्यावरून मला त्या बऱ्या वाटल्या.

मग म्हणाल्या, तुमच्या गावात उगवणारं काहीही घ्या,
त्यावर पाठ लिहा, वीस मिनिटं.
मी लिहिलं, सफरचंद.
चोवीस वर्षांची सवय, हात आपोआप तिकडंच गेला.
आमच्या गावात सफरचंद येतं ते
कोणी दवाखान्यात असलं तरच.
खोडलं. खाली लिहिलं, तरोटा.
पुढं सुचेना.
तरोट्याची भाजी येते मला,
तरोट्याचा पाठ येत नाही.

सोमवारी चौथीला विचारलं,
काल रात्री काय जेवलात?
पनीर, हिमांशू म्हणाला.
पनीर. पनीर. मॅगी. पनीर.
ज्या गावाचं दूध पहाटेच डेअरीच्या गाडीत चढतं
त्या गावात एवढं पनीर!
मी फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो.
दोन वर्षांपूर्वी याच वर्गात
एका पोरानं वास्ते सांगितले होते, सात्या सांगितल्या होत्या,
आणि कोणीतरी हसलं होतं.
ते हसू खडूच्या वासाचं होतं.

वळून म्हटलं, मी तर तरोटा खाल्ला,
कण्यांसोबत, वरून जवसाची चटणी.
वर्ग गप्प.
मग गुंजन कोडापेचा हात, कोपरापर्यंतच वर.
"सर, आमच्या घरी बी."
कुठून आणला, नहराच्या पाळीवरून?
"नाही सर, शाळेमागून. तिथं कवळा रायते."
पुढचा पाठ तिनंच घेतला.
दिवस बुडाला की तरोट्याची पानं मिटतात,
मिटायच्या आधी खुडायचा.
का मिटतात, हिमांशूनं विचारलं.
मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

भागाकाराला सयत्राबाईंना बोलावलं.
त्या दारातच थांबल्या, हाताला राख म्हणून.
सरकारी माप पोरामागं शंभर ग्रॅम,
वजनकाटा दिवाळीपासून बंद.
मग तांदूळ मोजता कसा?
"चपला मोजतो जी, दाराबाहेरच्या.
दोन चपला, एक लेकरू. लेकरामागं दोन मुठी.
आन् वरून दोन जास्तीच्या."
त्या कशाला?
त्यांनी गुंजनकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.
"सगळ्याच पायात चपला नसते ना जी."

मी फळ्यावर मांडलं, चौऱ्याऐंशी भागिले दोन.
पोरांनी उत्तर काढलं बेचाळीस,
आणि हजेरीत त्रेचाळीस.
बाकी शून्य लिहिताना खडू तुटला.

त्या दिवसापासून मीही चपला बाहेरच काढतो.
आता शहाऐंशी भरतात. हिशोब जुळला, म्हटलं,
जास्तीचं टाकू नका आता, सयत्राबाई.
त्या हसल्या.
"तुमच्या चपला तुमच्याच जी. तिची मूठ तिची."
आणि चुलीत लाकूड सारत,
"मोजल्या हायेत तर बसा मंग पंगतीत."

महिनाअखेरीस लिंक आली.
विषय भरला, घटक भरला.
अध्ययन निष्पत्तीचा रकाना
अजून तसाच आहे, कोरा.
आज वरणात सांबार जास्त पडला होता.