रात्रीची झाडलोट

संध्याकाळचं दूध साडेनऊपर्यंत येऊन संपतं.
पहाटेचं पाचला सुरू.
मधल्या वेळात शिरोलीच्या ह्या खोलीत
एसी, मी, आणि काचेमागचे बारके हिरवे दिवे.
बाहेर हायवेला उसाच्या ट्रॉल्या, टेप मोठ्यानं लावून.

लोकांना वाटतं, आकडा बदलला की जुना पुसला.
तसं नसतं.
फॅट सहा-आठची सात-एक केली
की सात-एकची नवी ओळ बसते
आणि सहा-आठची तिथंच मरून पडते,
कुणाला न दिसता, जागा धरून.
बाराशे गावं, दिवसातनं दोन वेळा.
दर दहा दिवसांनी बिल,
आणि बिलाच्या आदल्या रात्री
सगळ्यांना आपापल्या चुका आठवतात.

आज झाडू फिरवला, पाच मिनिटांत उत्तर आलं:
मेलेल्या ओळी एकेचाळीस लाख.
काढण्याजोग्या, शून्य.

म्हणजे कुणीतरी अजून बघतंय.
हा नियम मला आवडतो आणि त्याचा वैतागही येतो:
एखाद्याची खिडकी जुन्या क्षणावर उघडी राहिली
तर त्या क्षणानंतर मेलेलं काहीही हलवायचं नाही.
त्याला दिसत असेल अजून.
दिसतंय तर मेलं कसं म्हणायचं?

शोधलं. नांदणी शीतकरण केंद्र,
मंगळवार, दुपारी चार बारा.
काही करत नाही, पण व्यवहार उघडा.

जिनगोंडा मगदूम. पावणेबाराला फोन लावला,
पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे जागेच होते.
"व्हय, उघडंच हाय ते."
दोन दिवस, काका?
"सतरा नंबर बंद करायचा हाय. कोंडाबाई ऐनापुरे.
म्हस इकली, लेकीकडं गेली इचलकरंजीला.
एकोणीस वर्सं दीड लिटर. खाडा न्हाई.
पुरात होडीतनं आलंतं तिचं दूध.
आता 'बंद' दाबलं तर मशीन इचारतंय, नक्की?
बसलो मग."

माझ्याकडं एक हुकूम असतो,
इथनंच त्यांची खिडकी पाडायचा.
टाईप करून झाला होता. एंटरवर बोट.

म्हटलं, काका, नंबर बंद होतो, दूध नाही पुसत.
एकोणीस वर्षांच्या ओळी आहेत तशा आहेत.
मी नेते ती नुसती खाडाखोड.

पलीकडं डासांची बॅट तडतडली.
"मग दूध ऱ्हातंय?"
राहतंय.
"हे आधी सांगायचं न्हवं का, पोरी."

बारा वाजून सहा मिनिटं. व्यवहार मिटला.
झाडू परत लावला आणि आता आकडे
गोठ्यातल्या पाण्यासारखे उताराला लागले.

सकाळी घाटगेसाहेब विचारतील, नेहमीसारखे,
एवढं काढलं तर डिस्क तेवढीच कशी?
साहेब, म्हस गेली की दावं रिकामं होतं,
गोठा लहान होत नाही.
पुढची म्हस त्याच दाव्याला बांधायची.
गोठाच लहान करायचा असेल तर
सगळी जनावरं बाहेर काढून, दाराला कुलूप घालून
नवा बांधायचा, आणि तोवर धार नाही.
धार नाही म्हटलं की साहेब चहा मागवतात.

पाच वाजून आठ. आजऱ्याकडचं कुठलं तरी गाव:
दोन पूर्णांक दोन लिटर, फॅट सात-तीन.
ओळ कुठं बसली ते बघायचं नसतं.
मी बघितलं.
सतरा नंबरच्या जागेवर, असं लिहायला आवडलं असतं.
तसं नव्हतं.
कागलच्या कुणाच्या तरी मागल्या महिन्यातल्या चुकीवर
ती आरामात बसली होती, अजून कोमट असल्यासारखी.

मग आठवलं,
कालचा डबा धुवायचा राहिलाय.