अपूर्ण भविष्यकाळ

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही सहा वर्षं एक भविष्य बांधत होतो.
तेही जुनं. छप्पन सालच्या माणसांना वाटलं होतं तसं:
बुडाला पंख असलेली रॉकेटं,
छातीत बल्ब पेटणारे यंत्रमानव,
मंगळावर टाय बांधून कॉफी पिणारे लोक.
फरशीच्या फटींतून अजून वास यायचा
ताग मऊ करायच्या देवमाशाच्या तेलाचा.

फर्स्ट पर्सन शूटर, मी आईला फोनवर सांगितलं,
म्हणजे प्रथमपुरुषी.
तिने तीस वर्षं व्याकरण शिकवलं होतं साताऱ्यात.
"म्हणजे मी. एकवचन. आणि गोळ्या कोणाला?"
तृतीयपुरुषाला, अनेकवचनात.
हसली. मग म्हणाली, "पगार वेळेवर देतात ना?"

त्या खेळात आपल्याला चेहरा नसतो.
पडद्याच्या खालच्या कडेतून दोन हात येतात फक्त
आणि हातात किरणबंदूक.
ते हात इशबेलचे.
आठ कॅमेऱ्यांसमोर ती दिवसभर
केस वाळवायचा ड्रायर रोखून उभी होती.
डाव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डागसुद्धा आला.
पुसू का, मी विचारलं. रूअरी म्हणाला, राहू दे,
मंगळावरही कोणीतरी स्वयंपाक करतच असेल.

मग इंजिन बदललं
आणि सगळी दारं उघडायचं विसरली.

माझ्या वाट्याला आलं चौथ्या पातळीवरचं दार.
ते उघडलं की पलीकडचा यंत्रमानव
एक पाऊल पुढे टाकायचा आणि जमिनीतून खाली जायचा.
पडायचा. पडतच राहायचा.
त्याच्यासाठी तळ कोणी लिहिलाच नव्हता.
एका शुक्रवारी मशीन चालूच राहिलं;
सोमवारी येऊन बघतो तर उणे नऊ लाख मीटर,
आणि छातीतला बल्ब पेटलेला.

पैसेवाले तीनदा बदलले.
एकांना हवे होते सोळा खेळाडू, एकमेकांना मारणारे.
दुसऱ्यांना बंदुकांचे रंग विकायचे होते.
शेवटचे कॅलिफोर्नियाहून, सकाळच्या उन्हातून बोलायचे
आमच्या काळोखी संध्याकाळी:
"सुंदर आहे. फक्त भविष्य जरा आजचं करा."
रूअरीने कॅमेरा बंद केला, आवाज बंद करायचा राहिला.
त्याने काय म्हटलं ते मी मराठीत लिहिणार नाही.
महिन्याभरात त्याची खुर्ची रिकामी,
टेबलावर टिनाचं रॉकेट, किल्ली हरवलेलं.

टे नदीवरून त्या दिवसांत दाट धुकं चढायचं,
खिडकीपर्यंत, मग खिडकीच.
इथे त्याला हार म्हणतात.
आमच्यात त्या शब्दाचे अर्थ दोन.
मी ऑफिसात कोणालाच सांगितले नाहीत.

अकरा जणांना एकेक करून आत बोलावलं,
आत बिस्किटं ठेवली होती.
इशबेल सातवी.
ती गेली. हात राहिले,
कारण करारानुसार हात कंपनीचे होते.

त्यानंतर रोज मी तिच्या हातांनी दार ढकललं.
बंदूक भरताना अंगठा वर यायचा,
डाग दिसायचा, सेकंदभर.
ती हालचाल मी गरजेपेक्षा जास्त वेळा तपासली,
आणि नोंदीत लिहिलं: दोष आढळला नाही.

खेळ कधी येणार, आई विचारते.
येत असेल, म्हणतो.
"अपूर्ण भविष्यकाळ," ती म्हणते सवयीने,
वहीत लाल पेनाने लिहावं तसं.

परवा ब्रॉटी फेरीच्या बसथांब्यावर इशबेल भेटली.
बेकरीत लागलीय, बाह्यांवर पीठ,
उजव्या मनगटावर एक नवा चटका.
कसे आहेत माझे हात, तिने विचारलं.
तरुण आहेत, म्हटलं.
"आणि दार?"
उघडतं. दहातून सात वेळा.
"आणि तो?"
मी काही बोललो नाही. तिची बस आली.
तिने पावाची पिशवी काखेत धरली,
दांडीला धरून वर चढली,
आणि काचेतून अंगठा दाखवला, डागाचा.