डावीकडचा ब्रेक

गुलाबभाई शिकलगार स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं
दाराखालच्या पट्टीवर ठोकून बघतात,
डॉक्टर बरगडीवर बोटं वाजवतो तसे.
इथं टक्. इथं टक्.
इथं आवाजच नाही. उलटं धरलं, तर टोक आत.
"पत्रा न्हाई ताई, पापड हाय ह्यो.
रंगानं धरलाय नुसता."

दुधाळीतल्या शेडमध्ये ती दोन पूर प्यायली.
एकोणीसचा स्टीअरिंगच्या वर, एकवीसचा सीटपर्यंत;
दाराच्या रेक्झिनवर दोन रेघा आहेत,
भिंतीवर पोराची उंची मांडतात तशा,
फक्त उलट्या क्रमानं.
बॉनेटखाली उंदरांनी उसाचं पाचट आणून संसार थाटलाय.
फ्लोअर नाही. मागच्या सीटवरून
जमिनीवरचा मुंगळा सरळ दिसतो.

हिशेब कॅलेंडरच्या पाठीवर.
फ्लोअर, चाकांवरच्या कमानी, चारी दारांचे तळ:
पत्रा आणि मजुरी पंच्याऐंशी हजार.
इंजिन खोलल्याशिवाय सांगत नाही, तरी साठ धरा.
वायरिंग, काचा, रबरं, गाद्या.
रंग सगळ्यात शेवटी.
बेरीज त्यांनी केलीच नाही,
पेन्सिल कानावर ठेवली.
"उभी करीन. पर इकली तर निम्मं बी यायचं न्हाई.
तुमी शिकल्याली माणसं, तुमीच बगा."

पुण्याहून धाकटा रणधीर, फोनवर:
"अक्का, किलोवर घाल. लोखंडाला भाव आहे.
अण्णा काय त्या गाडीत राहतात का?"
नाही राहत.

टपावरचा बोर्ड कोपऱ्यात पालथा पडलाय.
इंगवले मोटार ड्रायव्हिंग स्कूल.
स्थापना, आणि पुढचं साल गंजानं खाल्लेलं.
अर्ध्या पेठेनं हिचा क्लच जाळला:
कपिलतीर्थातले भाजीवाले, ड्रॉइंगचे मास्तर,
हौसाबाई गुरव, जी लायसन्स काढून
देव्हाऱ्यात ठेवली आणि परत कधी चालवली नाही,
आणि हे गुलाबभाईसुद्धा.
"उमा टॉकीजच्या वळणाला सायकलवाल्याला घालत हुतो म्या.
अण्णांनी डावीकडनं दाबला."

डावीकडे अण्णांची दोन पेडलं, क्लच आणि ब्रेक.
ब्रेकचं रबर झिजून लोखंड उघडं पडलंय,
पायरीच्या दगडासारखं गुळगुळीत.
उजवीकडचं रबर जवळजवळ नवं.
शिकणारे कुठले दाबतात.

टेंबलाईच्या चढावर, एकोणिसाव्या वर्षी,
मी हाफ क्लचवर थरथरत उभी.
मागं उसाचा ट्रक, त्याचा हॉर्न मानेवर.
गाडी वीतभर मागं गेली. मग दोन वीत.
डावीकडून काहीच होईना.
मी ओरडणार, तेवढ्यात तिनं चढ धरला.
वर देवळापाशी थांबल्यावर बघितलं:
अण्णा सीटवर मांडी घालून बसलेले,
चपला खाली पेडलांशेजारी,
भाजक्या शेंगा फोडत.
काही म्हणाले नाहीत.
चार दाणे माझ्या हातावर ठेवले,
टरफलं खिडकीबाहेर.

"बोला ताई. उद्यमनगरला वढून न्यू,
का टेम्पो सांगू भंगाराचा?"

मी डावीकडचं दार उघडून बसले.
पाय सरळ मातीवर टेकले.
ब्रेक दाबून बघितला. जाम. हलत नाही.
उजवीकडची सीट रिकामी,
स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर कुठल्यातरी गिअरमध्ये अडकलेला.

"फ्लोअर करा," मी म्हणाले. "बाकीचं दिवाळीनंतर बघू."

"नुसता फ्लोअर? नुसत्या फ्लोअरवर काय
गाडी पळती व्हय?"

"पाय ठेवायला जागा करा आधी."

"ह्याला काय अर्थ न्हाई बगा," म्हणत
ते कानावरची पेन्सिल काढतात,
फ्लोअरखाली दोन रेघा ओढतात,
आणि बॉनेट उघडून ते पाचट
दोन्ही हातांनी, न सांडता उचलून
कोपऱ्यात नेऊन ठेवतात,
बोर्डाच्या आडोशाला.