बॉयलरचा सूर

सप्टेंबरपासून दर मंगळवारी
शाळेच्या जेवणघरात तालीम.
उकडलेल्या बटाट्यांचा वास, पोरांच्या बुटक्या खुर्च्या
आणि भिंतीपलीकडे बॉयलर,
घूं घूं, न थांबता.
एल्युनेदबाई छडी आपटायच्या : "कुणीतरी त्याचा गळा दाबा!"
गेथिन गॅसची कामं करतो, बासमध्ये उभा राहतो.
म्हणाला, "जुनं धूड आहे. बंद केलं तर पुन्हा उठायचं नाही."

आज चॅपल. स्लेटच्या छपरावर गारा.
मागच्या खोलीत एक आरसा, अकरा बायका,
नेरिसच्या काळ्या झग्याची चेन अर्ध्यावर अडलेली,
सेफ्टी पिन माझ्या दातांत.

उभे राहिलो.
केवढी ती शांतता.
पहिलं गाणं वेल्शमधलं, पाळण्यातच पाठ झालेलं,
आणि त्यातच घसरलो :
आल्टो इकडे, टेनर कुठे,
बाईंचा हात हवेत, तसाच.

तेव्हा मागून, ओठ मिटून,
गेथिननं खर्ज लावला.
घूं.
तोच. जेवणघरातला.

मला तर बटाट्यांचा वाससुद्धा आला.
तीस-बत्तीस जण मुकाट्यानं
परतलो आपापल्या जागी.

नंतर चहाच्या वेळी बाई त्याच्यापाशी गेल्या,
कपात बघत म्हणाल्या,
"दुरुस्त करू नकोस हं."