तीनशे पंच्याहत्तर मीटर

रात्रीचे दोन. याकुत्स्कमध्ये अजून उजेड,
शिळ्या चहाच्या रंगाचा, धुरकट.
तुयारा खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबते
आणि खुर्ची पुढे ओढते.
आठशे किलोमीटर वरून उपग्रह नुकताच गेला,
ध्रुवाकडून ध्रुवाकडे, घाईत,
जाता जाता जंगलाच्या कपाळावर हात ठेवून:
अंगात ताप आहे का?

आहे.

पडद्यावर तांबडे चौकोन उमटतात,
अंगावर पुरळ उठावं तसे.
एक चौकोन म्हणजे तीनशे पंच्याहत्तर मीटर,
उभे तितकेच आडवे.
त्यात लार्चची दहा-बारा हजार झाडं मावतात,
अस्वलाची एक गुहा, मुंग्यांची वारुळं,
कुणीतरी मागच्या वर्षी विसरलेली कुऱ्हाड.
प्रत्येक चौकोनापुढे यंत्र आपलं मत लिहितं:
खात्री कमी. खात्री मध्यम. खात्री पक्की.
(माणसांपुढे कुणी असं लिहून दिलं असतं,
तर तिनं लग्न केलं नसतं कदाचित.)

नकाशावर एक निळी रेघ आहे.
रेघेपलीकडची आग विझवायची नसते, पाहायची असते;
गावं लांब, विमानाचं इंधन महाग,
तसा शिक्क्याचा कागदच आहे.
आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी
असं म्हणायलाही बंब लागतो कुठेतरी.
रेघेपलीकडे फक्त डोळा.

अडीच वाजता एक चौकोन उमटतो तिकडे,
आणि तिला अक्षांश-रेखांश वाचावे लागत नाहीत.
नदीच्या त्या वळणावर ती पोहायला शिकली.
तिथं अलास आहे: जमिनीतला बर्फ वितळून
खचलेलं वाटोळं कुरण, मधोमध तळं,
काठाला ज्युलुस्तानकाकाचं घर,
अकरा घोड्या, वैरणीची गंजी.

नवव्या रिंगला फोन उचलला जातो.
आधी खोकला, मग काका.

"तुझ्या उत्तरेला आग दिसतेय मला."
"ती माझी आहे. मी लावली.
टेकडीकडून मोठी येतेय, तिला सामोरी पाठवलीय."
पुन्हा खोकला.
"लावण्याआधी घास भरवला तिला,
लोणी लावलेलं धिरडं. उपाशी नाही धाडली."
मग जरा थांबून: "वरून लाल दिसतं का?"
"लाल."
"बरं. म्हणजे दिसतोय मी."

नोंदीत कारणाचा रकाना असतो:
वीज, माणूस, अज्ञात.
तुयारा 'माणूस'वर बोट ठेवते.
उचलते.
पुन्हा ठेवते.

जानेवारीत तोच मुलूख पांढरा,
साय धरलेल्या दुधासारखा, कुठे सुरकुतीही नाही.
सगळे चौकोन उणे एकावन्न.
एकच उणे चव्वेचाळीस.
यंत्र त्याला काहीच म्हणत नाही;
सात अंशांसाठी जागं व्हायला
त्याला कुणी शिकवलेलं नाही.

ती फोन करते.
"बर्फाखाली धुमसतंय," काका म्हणतो,
"कुजलेल्या पाल्याचा थर आहे तिथं, कमरेइतका.
उन्हाळ्यातली आग त्यात शिरून बसलीय.
मला घोड्यांनी सांगितलं.
रात्री तिथंच जाऊन उभ्या राहतात, नऊच्या नऊ."

अकरा होत्या. ती विचारत नाही.

"हाकल त्यांना. जमीन खचेल."
"रोज हाकलतो.
उबेला परत येतात."

फोन ठेवल्यावर तुयारा
वहीत पेन्सिलीनं तो चौकोन काढते,
रेघेपलीकडचा, सात अंशांचा,
आणि आत नऊ ठिपके,
अगदी जवळजवळ.