मागच्या वर्षीचं कोष्टक

हल शहरात टेलिफोनचे खोके लाल नसतात,
सायीच्या रंगाचे असतात.
हे मी यायच्या आधी इंटरनेटवर वाचलं होतं
आणि खरं निघालं.
एवढ्या एका पुराव्यावर पहिलं वर्ष काढलं.

दुसऱ्या वर्षी ग्रंथालयातल्या मिस ऑल्ड्रेड वर्गावर आल्या.
फळ्यावर तीन प्रश्न:
कुणी लिहिलंय? कधी? पैसे कुणाला मिळतात?
इफुनान्याने फोटो काढला, मी वहीत उतरवलं.
निबंधाला अडुसष्ट पडले.
इथे अडुसष्ट म्हणजे पेढे वाटावेत एवढे.

बाबांना फोनवर विषय सांगितला, आरोग्य साक्षरता.
हसले. "हे जिल्हा परिषदेच्या भिंतीवर असतं.
शहानिशा म्हण की सरळ."

त्याच बाबांचा रिपोर्ट परवा आला. किडनीचा.
एक आकडा, भोवती लाल पेनाचा गोल,
खाली मावशीचा निरोप:
बार्लीचं पाणी, अनशापोटी, एकवीस दिवस.

पावणेतीनला उठून मी टाइप केलं,
क्रिएटिनिन कमी करण्याचा घरगुती उपाय.
मराठीत.
वाचते इंग्रजीत, पण घाबरते अजून मराठीतच.
पडद्यावर एक गृहस्थ आले, मागे प्लास्टिकची जास्वंद.
"घाबरू नका ताई," म्हणाले.
कुणी, ते ठाऊक नाही. कधी, ठाऊक नाही.
पैसे कुणाला, ते मात्र दिसत होतं:
खाली डब्याची किंमत आणि मोबाईल नंबर.
तरी बारा मिनिटं ऐकलं.
खरं सांगायचं तर दोनदा.

सकाळी वॉर्डात मिस्टर गार्बट.
एक्याऐंशी वर्षांचे, उभा जन्म मासेमारीच्या बोटींवर.
फोनवरची अक्षरं लेकीने एवढी मोठी करून दिलीत
की एका ओळीत दोनच शब्द मावतात.
"पाण्याच्या गोळ्या
बंद करा
म्हणतोय हा," ते म्हणाले
आणि रक्तदाबासाठी हात पुढे केला.

गोळी आज घ्या, म्हटलं, सिस्टरना बोलावते.
आणि वहीतले तीन प्रश्न घडाघडा म्हणून दाखवले.

"मधला आधी विचारायचा, पोरी.
भरती-ओहोटीचं कोष्टक अगदी बरोबर असतं.
छापील, सरकारी, सही-शिक्क्याचं.
फक्त मागच्या वर्षीचं असलं
की बोट चिखलात."

मग तारीख शोधायला लागले,
अंगठ्याने पडदा सरकवत,
वर, अजून वर.

अंगठा.

पट्ट्यातली हवा सोडायची मी विसरले.
"हात बधिर झाला गं," म्हणाले.

सुट्टीत कपडे बदलायच्या खोलीतून फोन लावला.
बाबा, त्या फोटोत कोपऱ्यात तुमचा अंगठा आलाय.
खाली काय आहे?
"कशाखाली?"
अंगठ्याखाली.

अकोल्यात कपाटाचं दार कुरकुरलं.
चष्म्याची डबी. पिशव्या.
आईचे जुने एक्स-रे वाजले, पत्र्यासारखे.
खिडकीबाहेर एक सीगल कुणाचा तरी सँडविचचा कागद
उलटसुलट करून बघत होता.

"थांब," बाबा म्हणाले,
"इथे तर तीन आहेत.
तुला कुठला पाठवला होता मी?"